एक पंचमांश लहान

सोमवारी म्युझियम बंद असतं, तेव्हा आम्हाला आत घेतात.
सहा जण, सहा घडीची स्टुलं,
खाली अंथरायला मेणकापड,
आणि एक छापील कागद, त्यावर सही.
कलम चार : नक्कल मुळाएवढी नसावी.
एक पंचमांश लहान, किंवा तेवढीच मोठी.
मी लहान म्हटलं. कॅनव्हास स्वस्त पडतो.

एकतीस वर्षं ल हाव्रच्या धक्क्यावर क्रेन चालवली.
उंचावरच्या काचेच्या खोक्यात बसून
कंटेनरवर कंटेनर ठेवले, बोटाचाही फरक नाही.
हा हात थरथरत नाही, मी किलार बाईंना सांगितलं.
तेच तर नडणार आहे, त्या म्हणाल्या.

चित्रात एक खोली. दुपार उतरलेली.
खिडकीशी बाई, मांडीवर शिवण.
अलीकडे पाठमोरा पुरुष, पेपरात गेलेला.
मध्ये टेबल, त्यावर पांढरी चादर.
आणि मागे, दारात, कामाची मुलगी, हातात ट्रे,
की ट्रे नाही, पोटाशी धरलेले नुसते हातच.
चार फटकाऱ्यांची आहे ती.
चारच. मी मोजले.

पहिले तीन सोमवार चादरीत गेले.
पांढरा लावला, तर चुना दिसला.
डोळे बारीक करा, बाई म्हणाल्या,
आणि मला दाखवा पांढरं कुठे आहे.
नव्हतंच कुठे.
निळसर होतं, पिवळं होतं, सोललेल्या काकडीचं हिरवं,
खिडकीकडच्या कडेला शिंपल्याच्या आतला जांभळा.
पांढरं फक्त एका जागी, मिठाच्या खड्याएवढं,
बशीच्या काठावर.
काळ्याची ट्यूब तर त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतली होती,
पोराच्या हातून काडेपेटी घ्यावी तशी.

(शेजारी फ्लोरिमाँ, निवृत्त दंतवैद्य, गायींची नक्कल करतो.
एकही गाय तोंड उघडत नाही, याचं त्याला वाईट वाटतं.)

पाठ मात्र एका बैठकीत झाली.
मूळ चित्राकडे न बघता.
खांद्यांचा तो उतार, कॉलरवर आलेली मानेची वळी,
कुणी काही विचारील म्हणून
आधीच जरा आवळून घेतलेली.
बाई थबकल्या. ही कुठून आणलीत?
काय सांगणार.
आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही,
पण ती पाठ मला पाठ होती.

अडलं ते दाराशी.
मुलीला चारात बसवू गेलो, नऊ झाले,
मग मोजणं सोडलं.
नाक दिलं. ॲप्रनला बंद दिले.
जितकं देत गेलो तितकी ती लाकडाची झाली.
तेल जास्त पडलं, रंगाला सुरकुती आली,
तापल्या दुधावर साय धरते तशी.
सातव्या सोमवारी बाईंनी हातात सुरी दिली.
खरवडा.
मी खरवडलं.
कॅनव्हासच्या विणीत अडकला तेवढा
राखी-गुलाबी डाग मागे राहिला.
बाईंनी मनगट धरलं. आता हात लावाल तर बघा.
दारात कोणीतरी उभं होतं.

मूळ चित्रात बाईपासून त्या पाठीपर्यंत
पंचेचाळीस सेंटिमीटर.
माझ्यात छत्तीस.
घरी टेप लावला तेव्हा कळलं :
कलम चारने दोघांना नऊ सेंटिमीटर जवळ आणलंय.
माझं त्यात काही नाही.

मागच्या बाजूला शिक्का : नक्कल.
स्वयंपाकघरात फ्रीजवर टेकवून ठेवलंय,
पुरतं वाळायला उन्हाळा जाईल.
वास सूपमध्ये उतरतो, म्हणून जोझियान खिडकी उघडते,
मग गार वारा येतो, म्हणून मी लावतो.
काल ती हात पुसत पुसत समोर उभी राहिली.
शिवणाऱ्या बाईकडे तिने पाहिलं नाही,
पाठीकडे तर नाहीच.
ही दारातली, म्हणाली,
हिला कुणी आत ये म्हटलं की नाही?

मी पेपर खाली ठेवला.